तेलाच्या डागाखालची चांदणी

प्रति,
मा. काउन्सिलर सर,
पहिला मजला, कपूरथला चौराहा,
अलीगंज, लखनौ



पत्र मराठीत आहे म्हणून बिचकू नका. आमच्या पुतणीकडून तुम्ही ज्या नऊ पानांवर सह्या घेतल्यात, ती मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत होती. तिने ‘वाचू का?’ विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पढ़ने की ज़रूरत नहीं बेटा, स्टैंडर्ड फॉर्मेट है.’ हेही स्टँडर्ड फॉरमॅटच समजा. वाचता आलं नाही तरी चालेल, खाली पोच म्हणून सही तेवढी करा.

आधी ओळख. आमचे वडील भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. नागपूरहून बदली होऊन अलीगंजच्या सेक्टर ईमधल्या कचेरीत आले आणि दगड तपासता तपासता इथेच रुजले. तेव्हापासून आमच्याकडे वरणभात मराठीत शिजतो आणि भाजीवाल्याशी घासाघीस हिंदीत होते. खालच्या मजल्यावर मी आणि आई, वरती दादा, वहिनी आणि त्यांची लेक. दादा शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मी सीए आहे. फायनलच्या एका ग्रुपला ४०० पैकी १९८ मिळवून एकदा, आणि पुढच्या खेपेला चक्क ऑडिटच्या पेपरात ३८ मिळवून एकदा, असा दोनदा आपटून तिसऱ्यांदा उभा राहिलेला सीए. पडण्याच्या विषयात माझा अभ्यास पक्का आहे, एवढंच सांगायचंय.

घरात सीए असताना ही मुलगी आपल्या गळाला लागली कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. घरातल्या डॉक्टरच्या औषधाला गुण नसतो आणि घरातल्या सीएच्या सल्ल्याला कान नसतो. त्यातून त्या दिवसांत ती माझ्याशी बोलत नव्हती. जानेवारी २०२५ च्या सीए इंटरमीजिएटला पहिल्या ग्रुपात तिला ३०० पैकी १४७ पडले. तिन्ही पेपरांत चाळिसाच्या वर, टॅक्सेशनला तर ६१. पण ग्रुपची बेरीज निम्मी व्हावी लागते, आणि ती तीन मार्कांनी हुकली. आईने चष्मा पुसून विचारलं,

‘अगं, तिन्हींत पास आहेस ना? मग नापास कशात?’

‘बेरजेत, आजी.’

‘एवढी शिकून बेरीज येत नाही?’

यावर मी हसलो, आणि वर ‘आमच्या वेळी तर...’ अशी सुरुवात केली. ते वाक्य पुरं झालं नाही. जिन्यावर पाय आपटल्याचा आवाज आला आणि मग कित्येक महिने वरून खाली काही आलं नाही, पोह्यांची वाटीसुद्धा नाही. मेचा अटेम्प्ट तिने दिलाच नाही. थोडक्यात, जमीन मी नांगरून ठेवली होती. तुम्ही फक्त पेरलंत. श्रेय वाटून घ्यायला माझी ना नाही.

मग ज्येष्ठ आला. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. नवाबाच्या घराण्यातल्या एका बेगमेने ते बांधलं असं इथली माणसं सांगतात, आणि ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार ‘बडा मंगल’ म्हणून सारं शहर एकमेकांना जेवू घालतं. कोपऱ्याकोपऱ्यावर भंडारा. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, सरबत. कोण कुठला हे कोणी विचारत नाही, द्रोण पुढे येतो. २०२५ मध्ये असे पाच मंगळवार आले. दुसऱ्याला, म्हणजे २० मेला, चौराह्यावर तुमचाही मांडव लागला होता. पुण्य आणि प्रवेश एकाच टेबलावर. हातात द्रोण, द्रोणात भाजी, वर दोन पुऱ्या, आणि हात भाजू नये म्हणून द्रोणाखाली तुमचं पत्रक. देवाच्या प्रसादाला असं अस्तर लावायची बुद्धी हनुमंताच्या सगळ्या भक्तांत फक्त तुम्हाला झाली.

ते पत्रक आत्ता माझ्यासमोर आहे. गुळगुळीत जाड कागद. ‘अमेरिकन सीपीए बनिए, १२ महीने में. मैथ्स नहीं. आर्टिकलशिप नहीं. १०० प्रतिशत पास गारंटी.’ गॅरंटीच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी छापलेली आहे. चांदणी दिसली की पानाच्या तळाशी तिची जोडीदारीण शोधायची, हे आम्ही आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीच्या, पहिल्या आठवड्यात शिकतो. शोधली. तिथे पुरीच्या तेलाचा बशीएवढा डाग. कागद तिथे पापडासारखा पारदर्शक झालाय आणि पाठीमागची स्वातंत्र्यदेवता उलटी होऊन, मशाल खाली धरून, अटींच्या ओळींवर उभी राहिलीय. खिडकीशी धरला, तिरका केला, मग दादाच्या प्रयोगशाळेतलं भिंग आणलं, तेव्हा कुठे चार ओळी लागल्या. त्या काय होत्या ते पुढे येईलच. तुम्हाला पाठ असतील म्हणा.

‘चार्टर्ड इंडियन होता है बेटा, सर्टिफाइड इंटरनेशनल,’ हे तुमचं वाक्य मात्र आमच्या घरात म्हणीसारखं रुळलंय. दूध नासलं की वहिनी म्हणते, ‘गेलं, इंटरनॅशनल झालं.’

आता, तुम्ही जो माल विकता त्याची तुम्हाला थोडी माहिती असावी म्हणून लिहितो. राग मानू नका, काउन्सिलिंग फुकट आहे. आमच्या ‘चार्टर्ड’ला कुठल्या राजाची सनद नाही. १९१८ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेजच्या आधाराने हिशेबनिसांची सरकारी पदविका निघाली, पुढे सरकारी रजिस्टरात नावं चढलेले अकाउंटंट आले आणि १९४९ च्या कायद्याने १ जुलैला आमची संस्था उभी राहिली. नाव मात्र सनदवाल्यांचं घेतलं. तसाच तुमचा ‘सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट’सुद्धा इंटरनॅशनल नाही. तो अमेरिकेतल्या एकेका राज्याचा परवाना आहे. न्यूयॉर्कने एप्रिल १८९६ मध्ये पहिला कायदा केला, मग एकेक राज्य करत गेलं, आणि आज ग्वाम, पोर्तो रिको असले प्रदेश धरून ५५ मंडळं आहेत. प्रत्येकाचे पात्रतेचे नियम आपापले. म्हणून या वाटेवरचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणत्या राज्यातून? पुतणीने तो विचारला होता, हे तिच्या वहीत तारखेसह आहे. तुमचं उत्तरही आहे: ‘यू.एस. से.’ गाडी कुठली विचारल्यावर ‘रेल्वेची’ सांगावं, तसं.

परीक्षा चार पेपरांची, प्रत्येक पेपर चार तासांचा. २०२४ पासून तीन पेपर सगळ्यांना सारखे (ऑडिट, वित्तीय हिशेब, कर आणि कायदा) आणि चौथा तीन पर्यायांतून निवडायचा. पास व्हायला ७५ लागतात. तुमच्या पत्रकात ‘सिर्फ़ ७५ प्रतिशत’ म्हटलंय. ते टक्के नव्हेत हो. प्रश्नांच्या अवघडपणाच्या हिशेबाने मापपट्टीवर बसवलेला तो गुणांक आहे. एक पेपर सुटला की घड्याळ चालू होतं आणि ठरलेल्या मुदतीत बाकीचे सोडवावे लागतात. पूर्वी दीड वर्षं मिळायची, आता बऱ्याच राज्यांनी अडीच केलीत. २०२० च्या आधी आपली मुलं हे पेपर द्यायला दुबईला जायची. आता भारतात आठ शहरांत सोय आहे. लखनौ त्या आठांत नाही, सगळ्यांत जवळचं दिल्ली. ‘सेंटर यहीं है, कपूरथला में,’ असं तुम्ही सांगितलंत, ते बहुधा तुमच्या सेंटरबद्दल असावं. ते आहेच. मी पाहिलंय.

आणि ‘मैथ्स नहीं’. वा! मग ते वित्तीय हिशेब काय रांगोळीत काढायचे असतात?

पण खरी गंमत दाराशीच आहे. पेपरला बसू देण्याआधी राज्याचं मंडळ तुमची पदवी तोलतं. बहुतेक ठिकाणी बसायला १२० क्रेडिट लागतात. आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.चे साधारण ९० धरतात. कॉलेजला नॅकचा ‘ए’ दर्जा असेल आणि मुलगा प्रथम श्रेणीत असेल तर काही मूल्यांकन संस्था सवलतीने मोजतात. आमची पोरगी ५८ टक्क्यांवर, दुसऱ्या श्रेणीत. म्हणजे तिने तुमच्याकडे पैसे भरले त्या दिवशी ती ज्या परीक्षेची तयारी करणार होती, त्या परीक्षेला ती बसूच शकत नव्हती. गुणपत्रिका तुम्ही मागून घेतली होतीत. तीवर ‘व्हेरिफाइड’ असा गोल शिक्का आहे, शाई अजून हाताला लागते.

बरं, बसली असती, पास झाली असती, तरी परवाना वेगळाच. त्याला सर्वसाधारणपणे १५० क्रेडिट आणि परवानाधारकाच्या हाताखाली वर्षभराचा अनुभव. हल्ली ओहायोसारखी काही राज्यं पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव अशी दुसरी वाट काढतायत. म्हणजे जी आर्टिकलशिप ‘नहीं’ होती ती तिकडे पलीकडच्या दाराने आत येते. आणि समजा परवाना मिळाला, चौकटीत लावला, तरी आपल्याकडे कंपनीच्या ताळेबंदावर ऑडिटर म्हणून सही करता येत नाही. कंपनी कायदा, २०१३, कलम १४१: तिथे चार्टर्ड अकाउंटंटच लागतो. ‘अमीनाबाद की किसी भी कंपनी का ऑडिट कर सकती हो,’ हे तुम्ही तिला सांगितलंत. अमीनाबादच्या व्यापाऱ्यांनी ऐकलं तर तुम्हाला कुल्फी फुकट देतील. इतकं हसणं त्यांच्याही नशिबी रोज नसतं.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या पेशाला एकतर्फी लिहिण्याची सवय नाही. त्या परीक्षेचा यात काडीचा दोष नाही. परीक्षा खरी आहे, अवघड आहे, आणि ज्यांची पात्रता बसते, जे अमेरिकन कंपन्यांच्या बेंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामच्या कचेऱ्यांत काम करू बघतात, त्यांना तिचा उपयोग होतो. माझ्याच दोन जुन्या आर्टिकल्सनी ती दिली. सीए झाल्यावर, नोकरी करता करता. ‘आपल्याकडचं सोपं जमलं नाही म्हणून’ ती दिलेली नाही. तुम्ही मात्र ती औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या गोळीसारखी विकलीत. आमच्याकडे अवघड आहे हे मी कुठे नाकारतोय? नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांत ९.४२ टक्के पास झाले. शंभरातल्या नव्वद मुलांच्या घरी त्या दिवशी कोणीतरी जिन्यावर पाय आपटले असणार. तुमचं दुकान त्या नव्वदांवर चालतं. त्यांच्या उंबरठ्याशी बरोबर निकालानंतरच्या महिन्यात पुरी घेऊन उभं राहायचं, ही तुमची हुशारी मी मनापासून मानतो.

फीचं काय ते बोलू. एक लाख ऐंशी हजार. दादाने विचारलं, ‘किस्तों में?’ तुम्ही म्हणालात, ‘नो कॉस्ट ईएमआई, अंकल. पहले आप चाय लीजिए.’ लखनौची ‘पहले आप’ मी चहाच्या बाबतीत आणि फी भरण्याच्या बाबतीत एवढी काटेकोर पाळलेली कुठे पाहिली नाही. चहा येईस्तोवर मुलीचं आधार, पॅन, सेल्फी आणि ‘एक ओटीपी आया होगा बेटा’ असं सगळं झालं. तो ओटीपी हप्त्याचा नव्हता. कर्जाचा होता. कुठल्याशा वित्त कंपनीने तिच्या नावावर कर्ज काढून तुम्हाला सगळी रक्कम एकदम दिली, आणि बावीस वर्षांची पोर दरमहा पंधरा हजारांची देणेकरी झाली. क्लास आवडला नाही म्हणून ती उद्या येणं बंद करेल, पण कर्ज तिच्याकडे यायचं बंद होत नाही. ‘नो कॉस्ट’चं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज नावाची वस्तूच नसते, खर्च कुठेतरी दडवलेला असतो. भौतिकशास्त्राचा मास्तर असून दादाला हे कळलं नाही. ऊर्जा नष्ट होत नाही हे तो दरवर्षी शिकवतो.

ऑगस्टात पदवीच्या मूल्यांकनाचा कागद आला. ९० क्रेडिट. ती धावत तुमच्याकडे आली आणि तुम्ही ड्रॉवरमधून दुसरं पत्रक काढलंत: ‘ब्रिज कोर्स, फक्त ६५ हजार.’ आधी नदी खणायची आणि मग पूल विकायचा!

त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. हळू. ती दारात उभी राहिली, हातात प्लास्टिकची फाइल.

‘काका, जरा बघशील?’

कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य. काउन्सिलर सर, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, हे खोटं नाही.

मी बघितलं नाही. तिलाच बघायला लावलं. माझ्या टेबलाच्या खणात लाल आणि हिरवी पेन्सिल असते, आर्टिकलशिपपासूनची सवय. चौकातल्या चिकनकारीच्या व्यापाऱ्यांकडे लाल कापडात बांधलेल्या वह्या तपासताना माझ्या सरांनी ती माझ्या हातात दिली होती: कागद मिळाला की हिरवी टिक, नुसतं तोंडी असेल तर लाल गोल. त्या पेन्सिली मी तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, पत्रकातल्या प्रत्येक दाव्यासमोर व्हाउचर शोध. रात्री दोनपर्यंत दिवा होता. आमच्या संस्थेच्या बोधचिन्हावर गरुड आहे आणि त्याखालचं उपनिषदातलं वचन जागं राहणाऱ्याबद्दल आहे. त्याचा अर्थ तिला फाउंडेशनच्या पुस्तकावरून कळला नव्हता, तुमच्या करारनाम्यावरून कळला.

सकाळी पत्रकाला गोवर निघाला होता. सगळे लाल गोल. हिरवी टिक एकच, तुमच्या पत्त्यासमोर.

तेलाच्या डागाखालच्या चार ओळी तिने भिंग लावून उतरवल्या. त्यांचा मराठी मथितार्थ असा: ‘पास गॅरंटी’ म्हणजे नापास झाल्यास त्याच रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचा लॉगिन आणखी सहा महिने मोफत. पैसे परत नव्हेत. तेही बारा महिन्यांत चारही पेपर दिले असतील तर. सराव परीक्षांत ९० टक्के असतील तर. आणि शेवटची ओळ: परीक्षेला बसण्याच्या पात्रतेची जबाबदारी विद्यार्थ्याची. म्हणजे जी मुलगी बसू शकत नाही ती बारा महिन्यांत चार पेपर देऊ शकत नाही, आणि जी पेपर देत नाही तिला गॅरंटी लागू नाही. असा पक्का, कुठूनही पाणी न गळणारा करार मी तीस वर्षांत पाहिला नाही. ज्याने कोणी लिहिला त्याला आमच्याकडे आर्टिकल म्हणून आजही जागा आहे.

मग मी तुमच्या दर्शनाला आलो. ऑक्टोबर, बुधवार. खाली चाटवाल्याकडे टिक्की परतत होती, वर एसी. भिंतीवर तीन घड्याळं: लखनौ, लंडन, न्यूयॉर्क. तिन्हींत सव्वाबारा. सेल एकदमच टाकले असावेत. शेजारच्या भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो. तिसऱ्या रांगेतली चष्म्याची मुलगी ओळखीची वाटली. उतरताना आठवलं, समोरच्या गल्लीतल्या बँक परीक्षेच्या क्लासच्या फलकावरही तीच हसते. एकाच जन्मात बँक पीओ आणि सीपीए, आणि दोन्हीकडे तोच ड्रेस.

तुम्ही मला ओळखलं नाहीत. ‘अंकल, बेटे के लिए या बेटी के लिए?’ मी कार्ड दिलं. तुम्ही ते वाचलंत, खुर्ची पुढे ओढलीत, आणि (ही गोष्ट मी नातवंडांना सांगणार आहे) म्हणालात, ‘सर, आप हमारे यहाँ फ़ैकल्टी क्यों नहीं बन जाते? आपका फ़ोटो बाहर लगाएँगे.’ आम्हाला जाहिरात करायला बंदी असते, काउन्सिलर सर. कायद्याच्या परिशिष्टातच आहे. अशील मिळवण्यासाठी स्वतःचा डंका पिटला की शिस्तभंग. तीस वर्षं माझ्या दारावर तळहाताएवढी पाटी आहे, आणि तुमच्या दारावर तीनमजली स्वातंत्र्यदेवता. माझ्या पाटीला कधी कधी वाईट वाटतं.

परतफेडीचं काढल्यावर तुमचा चहा थांबला. ‘नॉन रिफंडेबल है, लिखा है.’ लिहिलंय खरं. पण दिल्लीतही काही काही लिहिलेलं आहे. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलाने मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यांत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कोचिंगच्या जाहिरातींवरची तत्त्वं आली: यशाची हमी द्यायची नाही, निवड झाल्यानंतर घेतलेल्या संमतीशिवाय मुलांचे फोटो लावायचे नाहीत, आणि खालच्या अटी दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापायच्या. त्याच आकाराच्या! तुमच्या चांदणीला ‘१०० प्रतिशत’एवढं मोठं केलं तर ती पुरीएवढी होईल. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि १९१५ हा नंबर फुकट लागतो. हे मी तुम्हाला तिथे सांगितलं नाही. सांगणारा मी नव्हतो, माझ्यापाठोपाठ आलेली पुतणी होती. फाइल उघडून, पान पान पुढे सरकवत, माझ्याकडे एकदाही न बघता. टेबलाखाली तिचे गुडघे थरथरत होते ते फक्त मला दिसत होते.

शेवटी तिने पावती काढली. फी १,५२,५४२, जीएसटी १८ टक्क्यांनी २७,४५८, एकूण १,८०,०००. बेरीज बरोबर. (आजी खूष झाली असती.) ‘सर, इसमें जीएसटी नंबर नहीं है.’ तुम्ही म्हणालात, प्रिंटर की ग़लती. मग तिने तुमच्याच क्लासातल्या मैत्रिणीची पावती तिच्याशेजारी ठेवली. तारीख वेगळी, नाव वेगळं, रक्कम तीच, आणि पावती क्रमांक दोन्हींवर ११७. तुम्ही खूप वेळ दोन्हींकडे पाहिलंत. वरती न्यूयॉर्कला सव्वाबारा वाजले होते.

आता आमच्या बाजूचा जमाखर्च मांडून टाकतो. नावे: एक लाख ऐंशी हजार, वर कर्जाचं छुपं व्याज. दादाची झोप. आणि एक रक्कम जी तुमच्या वहीत येणारच नाही. टॅक्सेशनच्या ६१ मार्कांमुळे तिला त्या पेपरातून पुढच्या तीन प्रयत्नांपुरती सूट होती. हल्ली इंटर वर्षातून तीनदा असते. मे तिने रुसून घालवला, सप्टेंबरचा फॉर्म भरायच्या दिवसांत ती तुमच्याकडे स्वातंत्र्यदेवतेखाली बसून ‘ओरिएंटेशन’ ऐकत होती. उरला जानेवारी. तो गेला की सूट टिकवायला उरलेल्या पेपरांची अट आणखी कडक होते. जमा: एक सॅक, एक पाण्याची बाटली, सहा महिन्यांचा लॉगिन, आणि छातीवर ‘फ्यूचर सीपीए’ छापलेला टी-शर्ट. टी-शर्टाने दादा स्कूटर पुसतो. दोन धुण्यांत ‘सीपीए’ निघून गेलं. ‘फ्यूचर’ अजून आहे, जरा काळं पडलंय.

तुमचा चेक मिळाला. साठ हजारांचा. ‘फ़ुल एंड फ़ाइनल’ असं मागे लिहिलं होतंत. तिने तो भरला आणि बँकेच्या पोचेबरोबर तुम्हाला टपालाने कळवलं की ही रक्कम खात्यावर अंशतः जमा धरली आहे, बाकीची मागणी कायम. मसुदा मला दाखवला होता. मी एक स्वल्पविराम सुचवला, तिने तो घेतला नाही.

हल्ली वरचा दिवा पुन्हा उशिरापर्यंत असतो. काय वाचतेस म्हणून मी विचारत नाही. माझ्या खणातली लाल पेन्सिल मात्र गेले पंधरा दिवस सापडत नाही, आणि परवा पोह्यांची वाटी खाली आली.

कळावे. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्या बाबतीत ती विनंती करण्याची गरज वाटत नाही.

आपला,
खालच्या मजल्यावरचा काका

ता.क. हे पत्र लिहून होईतो आमच्या जेवणाच्या टेबलावर आणखी पाच फाइली आल्या आहेत. दोन पुरनियाहून, एक जानकीपुरमहून, दोन आपल्याच गल्लीतल्या. पुतणीने त्यांना ओळीने लावून ठेवलंय. तिची आणि मैत्रिणीची धरून सात पावत्या, आणि सातही पावत्यांवर ११७. या पत्राची पोच द्यावी. क्रमांक कोरा सोडला तरी चालेल, आम्ही भरून घेऊ.